त्या मुखपृष्ठांना हसण्यापूर्वी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या इंग्रजी विज्ञानकथासंग्रहांच्या मुखपृष्ठांवर आलेला सचित्र लेख वाचला. या चित्रांबद्दल मराठी वृत्तपत्रात पानभर मजकूर यावा ही मुळातच दुर्मीळ गोष्ट असल्याने लेखकाचे आणि आपले मनापासून आभार मानतो. मात्र लेखाचा सूर मला खटकला. साधारण 1950 ते 1975 या काळातील अमेरिकी आणि ब्रिटिश कथासंकलनांची मुखपृष्ठे ओळीने मांडायची, प्रत्येकाखाली एखादा चिमटा काढायचा आणि पुढच्या चित्राकडे वळायचे, यापलीकडे लेख जात नाही. ही चित्रे विचित्र आहेत, त्यांतली पुष्कळशी दिसायलाही चांगली नाहीत, हे मी नाकारणार नाही. पण ती तशी होण्याला ठोस कारणे होती. ती कारणे समजून घेतल्यावर माझे तरी असे ठाम मत झाले आहे की, निदान कथासंग्रहांपुरते बोलायचे तर, त्या काळातली बेढब चित्रेच आतल्या मजकुराशी अधिक प्रामाणिक होती आणि वाचकाची खरी दिशाभूल देखण्या चित्रांनी केली.

कादंबरीचे मुखपृष्ठ करणाऱ्या चित्रकाराला निदान एक कथानक असते; त्यातला एखादा प्रसंग, एखादे पात्र किंवा एखादी जागा उचलली की त्याचे काम सुरू होते. संग्रहाच्या चित्रकाराला ती सोय नाही. 1946 साली न्यूयॉर्कमध्ये विज्ञानकथांची दोन जाडजूड संकलने निघाली. एक ग्रॉफ कॉन्क्लिन यांनी क्राउन प्रकाशनासाठी केले आणि दुसरे रेमंड हीली व जे. फ्रान्सिस मॅककोमास यांनी रँडम हाउससाठी. हीली-मॅककोमास यांच्या सुमारे हजार पानांच्या ग्रंथात एका कथेत सहा सूर्यांच्या ग्रहावर दोन हजार वर्षांतून एकदा रात्र पडते आणि माणसे वेडी होतात; दुसऱ्या कथेत अंटार्क्टिकावरच्या तळावर कोणाचेही रूप घेऊ शकणारा जीव बर्फातून मोकळा होतो; तिसऱ्या कथेत एक अवाढव्य यंत्रमानव आपल्या यानाशेजारी संग्रहालयात निश्चल उभा आहे. या तिन्ही कथांना आणि त्यांच्या जोडीच्या आणखी तीसेक लेखनांना एकाच चौकटीत बसवणारे चित्र कोणते? रात्र काढावी तर यंत्रमानव सुटतो, यंत्रमानव काढावा तर सगळा ग्रंथ यंत्रमानवांचा वाटतो, आणि तिन्ही एकत्र काढावीत तर जत्रेतल्या फलकासारखी खिचडी होते. ही अडचण आजही कोणाला नीट सोडवता आलेली नाही. लेखात ज्या चित्रांची टर उडवली आहे ती बहुतेक सर्व या एकाच अडचणीवर शोधलेली वेगवेगळी उत्तरे आहेत, आणि त्याच नजरेने ती पाहायला हवीत.

त्यात बाजाराचा जाच वेगळा. डोनाल्ड वोलहाइम यांनी 1943 साली पॉकेट बुक्ससाठी विज्ञानकथांचा जो संग्रह केला, तो पेपरबॅकमधला या प्रकारचा पहिला संग्रह मानला जातो. त्या काळातल्या पेपरबॅकची किंमत 25 सेंट असे, पुढे ती 35 सेंट झाली. ही पुस्तके प्रामुख्याने पुस्तकांच्या दुकानांतून विकली जात नसत. मासिकांच्या वितरकांमार्फत ती वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर, औषधांच्या दुकानांत आणि रेल्वे स्थानकांवर तारेच्या फिरत्या मांडणीत जाऊन बसत आणि खपली नाहीत तर लवकरच तिथून उचलली जात. न खपलेल्या प्रतीबाबत विक्रेत्याने काय करायचे, हे मुखपृष्ठांबद्दल बोलताना विसरून चालत नाही. संपूर्ण पुस्तक परत पाठवणे वाहतूकखर्चाच्या दृष्टीने परवडत नसल्यामुळे विक्रेता फक्त मुखपृष्ठ फाडून परत करी, त्यावर त्याला पैसे मिळत आणि उरलेले पुस्तक रद्दीत जाई. म्हणजे त्या हिशेबात पुस्तकाचा जो भाग मोजला जाई तो हाच; वीस लेखकांच्या कथा रद्दीच्या मोलाच्या आणि वरचा रंगीत कागद पैशांच्या मोलाचा. अशा व्यवहारात चित्रकाराकडून पहिली अपेक्षा, चार हात अंतरावरून चालणाऱ्या माणसाची नजर थांबावी, एवढीच असणार. चित्र आवडण्याची गरज नव्हती. पाऊल थबकले की काम झाले.

नजर थांबवण्याची जुनी रीत मासिकांनी घालून दिली होती. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल 1926 मध्ये निव्वळ विज्ञानकथांना वाहिलेले पहिले इंग्रजी मासिक सुरू केले तेव्हा त्याचे मुखपृष्ठ फ्रँक आर. पॉल यांनी केले होते. पॉल यांची यंत्रे आणि इमारती बारकाईने रेखाटलेल्या असत, माणसे मात्र ताठर आणि खेळण्यातल्यासारखी. पिवळे आणि लाल रंग तर अक्षरशः अंगावर येत. पुढे 1940च्या दशकात काही मासिकांनी यात अपुऱ्या कपड्यांतली तरुणी आणि डोळे बाहेर आलेला राक्षस यांची भर घातली आणि विज्ञानकथा म्हणजे असलेच काहीतरी, ही समजूत इतकी घट्ट झाली की, अनेक वाचक हे अंक चारचौघांत उघड हातात धरायला संकोचत. त्या मुखपृष्ठांची बाजू मी घेणार नाही. आत काळाच्या स्वरूपावर गंभीर चिंतन आणि वर किंचाळणारी स्त्री, ही वाचकाचीही फसवणूक आणि लेखकाचीही.

नेमके यातूनच बाहेर पडण्यासाठी पन्नाशीच्या दशकात तो विचित्र, ओळखू न येणाऱ्या आकारांचा प्रकार आला, ज्याला आपल्या लेखात सर्वाधिक टोमणे बसले आहेत. इयन बॅलंटाइन यांनी 1952 साली स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि विज्ञानकथा प्रौढ, जाणत्या वाचकांसाठीचे साहित्य म्हणून छापायचे ठरवले. फ्रेडरिक पोल यांनी संपादित केलेली नव्या, पूर्वी कुठेही प्रसिद्ध न झालेल्या कथांची त्यांची मालिका 1953 ते 1959 या काळात सहा भागांत निघाली. बॅलंटाइनच्या या पुस्तकांना चेहरा दिला तो रिचर्ड पॉवर्स या चित्रकाराने. पॉवर्स यांच्या चित्रांत यान असलेच तर ते यान आहे असे खात्रीने सांगता येत नाही. हाडासारखे, शिंपल्यासारखे, वितळून पुन्हा गोठल्यासारखे आकार अमर्याद पोकळीत तरंगत असतात आणि त्यांच्या सावल्या मात्र अगदी स्पष्ट असतात.

हे आकार आकाशातून पडलेले नव्हते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 1936 साली अद्भुत कला, दादावाद आणि अतिवास्तववाद यांचे मोठे प्रदर्शन भरवले होते. स्वप्नातल्यासारखी अतर्क्य दृश्ये रंगवणाऱ्या या अतिवास्तववादी चित्रकारांपैकी इव्ह तांगी 1939 मध्ये आणि मॅक्स अर्न्स्ट 1941 मध्ये युरोपातून अमेरिकेत येऊन राहिले होते. तांगी यांची निर्जन मैदाने आणि त्यांवर विखुरलेले अनोळखी अवयव ज्याने पाहिले आहेत त्याला पॉवर्स यांची मुखपृष्ठे परकी वाटणार नाहीत. मला यातली कल्पकता फार मोलाची वाटते. एकाच कथेतला प्रसंग काढला तर बाकीच्यांवर अन्याय होतो, म्हणून त्यांनी कुठलाच प्रसंग काढला नाही. सगळ्या कथांत समान असे जे काही होते, म्हणजे आपल्या ओळखीचे जग पायाखालून सरकल्याची भावना, तेवढीच त्यांनी रंगवली. ती भावना सुखद नाही, म्हणून चित्रही सुखद नाही.

याच घाटाचा एक पेपरबॅक संग्रह माझ्याकडे आहे. मुखपृष्ठावर सही नाही आणि आतही चित्रकाराचे नाव नाही. पार्श्वभूमी मोहरीच्या रंगाची, खाली जाता जाता शेवाळी होत गेलेली. मध्यभागी एक उभट, पोकळ, कवटी म्हणावी तर कवटी नाही आणि इमारत म्हणावी तर इमारत नाही अशी वस्तू. तिच्या माथ्यावरून केसाइतक्या बारीक काळ्या तारा निघून चित्राच्या चौकटीबाहेर जातात. पहिल्या नजरेत एवढेच दिसते आणि ते ओंगळ वाटते, यात शंका नाही. पण उजव्या कोपऱ्यात, किमतीच्या आकड्याच्या जरा वर, तांदळाच्या दाण्याएवढ्या तीन मानवी आकृती आहेत. त्यांतल्या दोघी त्या वस्तूकडे निघाल्या आहेत आणि तिसरी थांबलेली आहे. त्या आकृती दिसल्या की मधल्या वस्तूचे आकारमान एकदम बदलते. जे हातात धरता येईल असे वाटत होते ते डोंगराएवढे होते. तो तिसरा माणूस का थांबला असेल हा प्रश्न चित्र विचारते आणि उत्तर देत नाही. आतल्या कथांपैकी एकीतही असा प्रसंग नाही, तरीही त्या सर्व कथा वाचून झाल्यावर हे चित्र त्यांचेच आहे असे मला वाटते. लेखात अशाच एका चित्राला रंग सांडल्याची उपमा दिली आहे. ते छापील चित्र अंगठ्याच्या नखापेक्षा थोडेच मोठे होते, आणि त्या आकारात अशा आकृती दिसणे शक्यच नव्हते.

रंगांबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. लेखकाने या मुखपृष्ठांच्या आजारी, निळसर-हिरव्या छटेवर बोट ठेवले आहे. मूळ चित्र मोठ्या आकारात रंगवलेले असे. ते लहान करून, चार शायांच्या ठिपक्यांत फोडून, घाईने छापले जाई आणि त्यातच त्याचे बारकावे गढूळ होत. शिवाय आज आपल्यासमोर येतात त्या अर्धशतकाहून जुन्या, उन्हात राहिलेल्या प्रती. उजेडात पिवळी आणि किरमिजी शाई आधी विटते, निळी आणि काळी मागे राहते. ज्या प्रती कपाटाच्या अंधारात राहिल्या त्यांच्याशी ताडून पाहिले तर अनेकदा त्याच चित्रात केशरी आणि तांबूस रंगांची चांगली ऊब आढळते. तेव्हा या कुरूपतेतला काही भाग तरी उन्हाच्या खात्यावर टाकला पाहिजे.

ब्रिटनमध्ये उत्तर वेगळ्या वाटेने शोधले गेले. लंडनच्या गोलान्झ प्रकाशनाने तर चित्रच काढून टाकले. भडक पिवळ्या वेष्टणावर केवळ अक्षरे, ही त्यांची ओळख होती आणि ग्रंथालयात दुरूनही ते पुस्तक ओळखू येई. पेंग्विनने ब्रायन ऑल्डिस यांच्याकडून 1961 पासून विज्ञानकथासंग्रह संपादित करून घेतले, आणि त्याच दशकात जर्मानो फाचेत्ती यांच्या देखरेखीखाली पेंग्विनच्या विज्ञानकथांवर अर्न्स्ट, क्ले अशा आधुनिक चित्रकारांची मूळ चित्रेच येऊ लागली. 1969-70 च्या सुमारास इटलीतील फ्रांको ग्रिन्यानी यांनी याच प्रकाशनासाठी काळ्या पार्श्वभूमीवर वळलेल्या, ताणलेल्या आकारांची एक संपूर्ण मालिका केली. ग्रिन्यानी छायाचित्रणाच्या तंत्राने आकारांना पीळ देत असत. संगणक हाताशी नसताना. मला ती चित्रे थंड वाटतात, पॉवर्स यांच्या चित्रांइतकी ती मनात घर करत नाहीत. परंतु लेखात त्यांना छपाईतल्या चुकीसारखी म्हटले आहे, ते मान्य होण्यासारखे नाही. रेषान् रेष मोजूनमापून केलेल्या कामाला चूक म्हणणे अन्यायाचे आहे.

मग देखण्या चित्रांवर माझा आक्षेप का? सत्तरच्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये क्रिस फॉस यांनी एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारून, रंगवलेली प्रचंड अंतराळयाने मुखपृष्ठांवर आणली. अंगावर पट्टे, ठिगळे आणि खुणा असलेली ती अजस्र यंत्रे भव्य आहेत. फॉस यांच्या कौशल्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. पण ती खपतात हे प्रकाशकांच्या लक्षात येताच आत काय आहे याची पर्वा न करता प्रत्येक संग्रहावर यान येऊन बसू लागले. कथा स्वप्नांबद्दल असो, भाषेबद्दल असो की म्हातारपणाबद्दल, वर यानच. फॉस यांची नक्कल करणाऱ्यांनी तर हा प्रकार इतका गुळगुळीत केला की दोन पुस्तके एकमेकांपासून वेगळी ओळखणेही कठीण झाले. आपल्या लेखाच्या शेवटी सुंदर म्हणून जी दोन मुखपृष्ठे गौरवली आहेत ती याच जातीची आहेत. त्यांत चुकीचे काही नाही, आणि आतल्या कथांबद्दल ती अवाक्षरही सांगत नाहीत. माझ्या मते कथासंग्रहाच्या मुखपृष्ठाचा याहून मोठा दोष नाही. मोहरीच्या रंगातली ती ओंगळ कवटी निदान वाचकाला बजावते की आत शिरल्यावर ओळखीचे काही हाताला लागेलच असे नाही.

चित्रकाराला मजकूर वाचायला मिळाला आणि वेळ मिळाला तर काय होते, याचे उदाहरणही त्याच काळात आहे. हार्लन एलिसन यांनी 1967 साली डबलडे प्रकाशनाकडून 33 नव्या कथांचा जो गाजलेला संग्रह काढला, त्याची चित्रे लिओ आणि डायान डिलन या दांपत्याने केली. त्यांनी मुखपृष्ठाबरोबर प्रत्येक कथेसाठी स्वतंत्र चित्र काढले, आणि एलिसन यांनी तो संग्रह या दोघांनाच अर्पण केला. म्हणजे एका चित्रात सगळे कोंबण्याच्या अडचणीवर त्यांनी प्रत्येक कथेला तिचे चित्र देऊन उत्तर काढले. विज्ञानकथेच्या वाचकांनी 1971 मध्ये डिलन दांपत्याला ह्यूगो पुरस्कार दिला आणि पुढे 1976 व 1977 अशी लागोपाठ दोन वर्षे बालपुस्तकांतील चित्रांसाठीचे कॅल्डेकॉट पदक त्यांच्याकडे गेले. अशी मोकळीक बहुतेक चित्रकारांच्या वाट्याला येत नसे. काही ओळींचा गोषवारा, कधी तोही नाही, आणि जवळ आलेली मुदत, यावर त्यांना काम उरकावे लागे. कधी एका पुस्तकासाठी केलेले चित्र दुसऱ्याच पुस्तकावर जाऊन बसे. त्यातून काही चित्रे फसली, हे खरेच. पण फसलेले चित्र आणि बेफिकिरीने केलेले चित्र यांत फरक करावा, एवढी अपेक्षा समीक्षकाकडून ठेवण्यास हरकत नसावी.

या चित्रकारांच्या वाट्याला आलेली उपेक्षा पाहता हसण्याआधी थोडे थांबणे मला आवश्यक वाटते. त्या काळातल्या अनेक पेपरबॅकवर चित्रकाराचे नावच छापलेले नाही. ब्रशाच्या फटकाऱ्यावरून, कोपऱ्यातल्या अर्धवट सहीवरून वाचकांनीच वर्षानुवर्षे खटपट करून ती नावे शोधून काढली आहेत आणि कित्येक चित्रे आजही निनावी आहेत. ग्रंथालयांनी बांधणी करताना वेष्टणे काढून टाकली. नव्या आवृत्त्या आणि ई-पुस्तके निघाली तेव्हा कथा तशाच राहिल्या, मुखपृष्ठे मात्र सर्वांत आधी बदलली. पॉवर्स 1996 साली वारले आणि विज्ञानकथेच्या मानवंदना दालनात (हॉल ऑफ फेम) त्यांचे नाव 2008 मध्ये आले. त्याच वर्षी तो मान इयन आणि बेटी बॅलंटाइन यांनाही मिळाला. जुन्या संग्रहांचे पुनर्मुद्रण करणाऱ्या प्रकाशकांनी मूळ मुखपृष्ठ निदान आतल्या एका पानावर, पूर्ण आकारात आणि चित्रकाराच्या नावासह द्यावे, अशी माझी अपेक्षा आहे. कथा कोणत्या वेशात वाचकांपुढे प्रथम उभ्या राहिल्या, हाही त्या कथांच्या इतिहासाचाच भाग आहे.

आपल्या लेखातील चित्रांखाली पुस्तकाचे नाव आहे आणि लेखकाची टिप्पणी आहे, पण एकाही चित्रकाराचे नाव नाही. लेखाचा दुसरा भाग पुढील महिन्यात येणार असल्याचे पुरवणीत नमूद केले आहे. त्या वेळी प्रत्येक मुखपृष्ठाखाली चित्रकार, प्रकाशक आणि वर्ष द्यावे, नाव उपलब्ध नसेल तिथे तसे स्पष्ट लिहावे, आणि चित्रे कमी घेतली तरी चालतील पण जरा मोठी छापावीत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक